राखेची माती आणि जांभ्याची माती: डोंगरात मुरलेलं पाणी थांबतं कुठे?

सह्याद्री ज्वालामुखीतून झाला, हे आपण शाळेतल्या भूगोलापासून ऐकत आलोय. त्यामुळे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एखादा बागायतदार पोफळीच्या बुडातली माती मुठीत घेऊन 'ही ज्वालामुखीची माती, हिला काय कमी?' म्हणाला तर कुणाला काही खटकत नाही. अलीकडे नर्सऱ्यांमध्ये प्युमिसचे (ज्वालामुखीतल्या हलक्या, सच्छिद्र दगडाचे) खडे आणि 'व्होल्कॅनिक' असं छापलेल्या पिशव्या मिळायला लागल्यात, त्यामुळे हा समज आणखी पक्का झालाय. मृदाशास्त्रात ज्या मातीला ज्वालामुखीच्या राखेची माती म्हणतात, ती मात्र गोव्याच्या डोंगरांत नाही. तरीही ती कशी वागते हे पाहण्यासारखं आहे, कारण तिच्याशेजारी ठेवली की आपली लाल माती पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात नेमकं काय करते ते नीट कळतं.

आधी खडकांचा हिशेब. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. गोव्यात तो ईशान्येच्या कोपऱ्यात, चोर्ला-सुर्ल्याच्या बाजूला तेवढा सापडतो. बाकीचा बहुतेक गोवा त्याहून कितीतरी पटींनी जुन्या खडकांवर बसलाय: फायलाइट, शिस्ट, ग्रॅनाइट, नाइस. दूधसागर ज्या कड्यावरून कोसळतो तो कडासुद्धा याच जुन्या गोतावळ्यातला, दख्खनच्या लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही. आणि चोर्ल्याचा बेसॉल्ट घेतला तरी तो लाव्हा आहे, राख नव्हे. दख्खनमध्ये लाव्हा मुख्यतः जमिनीच्या भेगांतून वर आला आणि मैलोन्‌मैल पसरला. आकाशात राखेचे खांब उभे करणारे स्फोट हा त्याचा मुख्य स्वभाव नव्हता. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये घाटात जे लाल पट्टे दिसतात, त्यांतल्या काहींमध्ये राखेचा अंश आहे, पण तेवढंच.

लाव्हा आणि राख यांत एवढा फरक का करायचा? दोन्ही एकाच वितळलेल्या खडकाची रूपं आहेत, मग मातीला काय पडलंय?

इथे चुलीतली राख डोक्यातून काढून टाकायला हवी. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ते पाण्यात विरघळतात. ज्वालामुखीची राख म्हणजे चुरा झालेला खडक. आतला शिलारस वायूंनी फसफसून फुटतो, त्याचे २ मिलिमीटरपेक्षा बारीक कण हवेत उडतात आणि उडता उडताच थिजतात. इतक्या झटपट थिजताना अणूंना ओळीत बसायला वेळच मिळत नाही, म्हणून स्फटिक बनत नाहीत, काच बनते. लाव्हा मात्र सावकाश निवतो आणि त्यात फेल्डस्पार, पायरॉक्सीन अशी खनिजं व्यवस्थित स्फटिक धरतात. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखर होते, भराभर थंड केला तर चिक्कीतला कडक, पारदर्शक पापुद्रा होतो. दोन्ही साखरच, पण जूनमध्ये डब्याचं झाकण उघडं राहिलं तर चिक्की दोन दिवसांत चिकट होते आणि खडीसाखर तशीच राहते. खडकाचंही तेच. काच लवकर झिजते. काही हजार वर्षांत तिच्यातून सिलिका, अल्युमिनियम आणि लोह सुटतं, आणि हे तिन्ही इतक्या घाईने सुटतात की त्यांतून नेहमीची चिकणमाती न बनता काहीतरी वेगळंच बनतं.

त्या वेगळ्या पदार्थांची नावं अ‍ॅलोफेन, इमोगोलाइट आणि फेरिहायड्राइट. अ‍ॅलोफेन म्हणजे पोकळ गोळे, व्यास साधारण साडेतीन ते पाच नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. इमोगोलाइट तितक्याच बारीक नळ्यांच्या रूपात असतो. एक ग्रॅम अ‍ॅलोफेनचा सगळा पृष्ठभाग, आतला-बाहेरचा, पसरून मोजला तर तो काहीशे चौरस मीटर भरतो. कुजलेल्या पाचोळ्याचा अंश या पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो, जीवाणूंनाही तो सहजी खाता येत नाही, म्हणून या मातीत कर्ब (कार्बन) भरपूर साठतो. आणि हे गोळे, नळ्या, कुजका अंश मिळून माती भुसभुशीत दाणेदार होते.

आता पाणी. मातीत दोन जातीच्या पोकळ्या असतात. मोठ्या पोकळ्यांतून पावसाचं पाणी आपल्या वजनाने खाली उतरतं. बारीक पोकळ्यांतलं पाणी तिथेच धरलं जातं आणि पुढे मुळं ते ओढतात. वाळूत मोठ्या पोकळ्या आहेत, बारीक नाहीत, म्हणून पाणी येतं तसं जातं. भारी चिकणमातीत बारीकच जास्त, म्हणून पाणी तुंबतं आणि मुळांचा श्वास कोंडतो. राखेच्या मातीत दाण्यांच्या मधल्या फटी मोठ्या आणि दाण्यांच्या आत असंख्य बारीक. एकूण आकारमानाचा ७० ते ८० टक्के भागही रिकामा असू शकतो. त्यामुळे ही माती एकाच वेळी निचरा उत्तम देते आणि पाणीही धरते. आपल्याकडे 'निचऱ्याची जमीन' म्हटलं की उन्हाळ्यात लवकर सुकणारी जमीन डोळ्यांसमोर येते. तसं असायलाच हवं असं नाही.

मृदा सर्वेक्षण करणारे निचरा ठरवताना पाणी किती वेगाने गेलं हे घड्याळ लावून बघत बसत नाहीत. ते खड्डा खणतात आणि रंग बघतात. वाढीच्या दिवसांत माती मुळांच्या पट्ट्यात पाण्याने भरून राहत असेल तर तिच्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि मातीत राखाडी नि तांबूस-पिवळे डाग पडतात. असे डाग बऱ्याच खोलीपर्यंत नसतील तर निचरा चांगला. गोव्यात हे बघायला खड्डाही लागत नाही. डोंगराच्या उताराला रस्त्यासाठी कापलेली एकरंगी लाल भिंत बघा आणि खाली दरीतल्या भातशेताच्या बांधाची राखाडी माती बघा. लोह दोन्हीकडे आहे, फरक पाणी तुंबण्याचा आहे.

राखेची माती हाताला ओळखता येते. ओल्या मातीचा सुपारीएवढा गोळा चिमटीत धरून दाबत घासला, तर आधी तो घट्ट लागतो, मग एकाएकी बोटांत घसरतो, पातळ होतो आणि आतलं पाणी बाहेर येऊन बोटं ओली करतं. हात थांबवला की पुन्हा थिजतो. चिकणमातीसारखा तो बोटांना चिकटत नाही. दुसरी खूण वजनाची: न विस्कटता काढलेली एक लिटर माती वाळवून तोलली तर ९०० ग्रॅमपेक्षा कमी भरते. वर्गीकरणातली मर्यादाच ही आहे. साध्या खनिज मातीचा लिटर सव्वा-दीड किलोच्या घरात जातो. तिसरी गोष्ट जरा विचित्र. ही माती एकदा कडकडीत वाळली की पुन्हा भिजवून पूर्वीइतकं पाणी घेत नाही. आतली बारीक रचना वाळताना मिटते आणि उघडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत तिच्या काही चाचण्या ओल्या नमुन्यावरच करतात. नमुना उन्हात वाळवून, चाळून पिशवीत भरायची आपली सवय इथे चुकीचा आकडा देते.

अशी माती जगाच्या जमिनीच्या १ टक्क्याहूनही कमी भागावर आहे: जपान, जावा, न्यूझीलंड, हवाई, कोलंबियाचे कॉफीचे डोंगर, पूर्व आफ्रिकेतली उंच पठारं. अमेरिकी वर्गीकरणात तिला स्वतंत्र गट मिळावा असा प्रस्ताव मृदाशास्त्रज्ञ गाय स्मिथ यांनी १९७८ साली मांडला आणि साधारण १९९० पासून 'अँडिसोल' हा गट रूढ झाला. तोपर्यंत ती दुसऱ्याच गटाच्या पोटात होती.

जंगलाच्या डोंगरउतारावर ही माती काय करते ते बघायचं तर अमेरिकेच्या वायव्येला, आयडाहोच्या उत्तर भागात जावं लागतं. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी ऑरेगनमधला मझामा पर्वत फुटला. तो इतका रिकामा झाला की वरचा भाग आत खचला, आणि तिथे आज क्रेटर लेक नावाचं जवळजवळ ६०० मीटर खोल तळं आहे. त्याची राख वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर पूर्वेकडे गेली आणि डोंगरांवर पांघरली गेली. डग्लस फर, सीडर, हेमलॉकच्या जंगलांखाली आजही पुष्कळ ठिकाणी या राखेचा वीतभर ते हातभर थर मिळतो. त्याखाली एकदम दुसरंच काही: हिमनदीने आणून टाकलेली खडी, नाहीतर ग्रॅनाइटचा भुगा. खड्ड्याच्या भिंतीत ही सीमा स्पष्ट दिसते. वर पिवळसर तपकिरी, दगड नसलेली, हलकी माती आणि खाली गोटे.

तिथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतं, उन्हाळा कोरडा जातो. झाडांना वाढायचं असतं नेमकं तेव्हाच वरून काही मिळत नाही. त्या दिवसांत ती या पातळ थरातल्या ओलाव्यावर तगतात. गंमत म्हणजे खालची जाड खडीही या कामात मदत करते. बारीक पोकळ्यांच्या थराखाली मोठ्या पोकळ्यांचा थर असला तर पाणी सीमेवर अडतं. वरचा थर जवळजवळ भरेपर्यंत ते खाली सुटत नाही. त्यामुळे राखेचा थर एकटा असता तर धरलं असतं त्याहून जास्त पाणी धरतो. उताराची दिशाही महत्त्वाची. उत्तर आणि पूर्वेकडच्या सावलीच्या उतारांवर राख जाड टिकलीय. दक्षिणेकडच्या तापलेल्या, उघड्या, वारंवार जळलेल्या उतारांवरून ती बरीच वाहून गेलीय. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना झाडोरा वेगळा दिसतो, त्यामागे उन्हाबरोबर हेही एक कारण.

आता गोव्यात परत येऊ. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घाटाच्या पायथ्याशी त्याहून पुष्कळ जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग डिसेंबरपासून मेपर्यंत आकाश कोरडं. म्हणजे प्रश्न आयडाहोतल्या जंगलाला पडतो तोच: चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवायचं कसं? फक्त उत्तर वेगळं आहे.

मोलें किंवा नेत्रावळीच्या बाजूला उताराच्या कापलेल्या भिंतीपाशी उभं राहून वरून खाली बघत गेलं तर आधी पाचोळा, मग चार बोटं काळसर माती, मग हातभर-दोन हात लाल, मग खडे, मग जांभा. जांभ्यात वेड्यावाकड्या नळ्या आणि भोकं असतात, चिरा फोडला की दिसतात तीच. त्याखाली पांढरट-गुलाबी, कधी जांभळट, चिकण माती, आणि मग कुठेतरी मूळ खडक. लाखो पावसाळ्यांनी वरच्या भागातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलंय आणि लोह-अल्युमिनियम मागे उरलंय. इथली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट, जी पाणी पिऊन फुगत नाही. म्हणून पाऊस कितीही कोसळो, रानातल्या उतारावर पाणी साचून राहत नाही, खाली उतरतं. जांभ्याच्या भोकांतून ते खालच्या चिकण थरापर्यंत जातं, तिथे अडतं आणि मग आडवं सरकत उताराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडतं.

आपली कुळागरं नेमकी तिथेच आहेत. डोंगराच्या कुशीत, झरीच्या खाली, पाट फिरवता येईल अशा जागी पोफळी, माड, केळी, मिरवेली लावणाऱ्यांनी मातीचा छेद कधी काढला नसेल. पाणी कुठे बाहेर येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयडाहोचं जंगल हातभर जाडीच्या बारीक थरात पाणी साठवतं, गोव्याचा डोंगर कित्येक मीटर खोल झिजलेल्या खडकात. आपल्या लाल मातीचा एक वीत थर राखेच्या मातीएवढं पाणी मुळीच धरत नाही, पण खोली प्रचंड आहे, आणि माट्टी, किंदळ, नाणा यांच्यासारख्या झाडांची मुळं त्या खोलीचा फायदा घेतात. हातभर मुळांची भाजी मात्र त्याच उतारावर जानेवारीतच माना टाकते.

याच ठिकाणी 'ज्वालामुखीची माती' या शब्दांनी होणारा घोटाळा पुरा उघड होतो. घाटाच्या पलीकडे, कमी पावसात, त्याच दख्खनी बेसॉल्टची काळी माती झाली. ती फुगते, भेगाळते आणि तिचा निचरा मंद. घाटमाथ्यावर, धो धो पावसात, त्याच खडकाचा जांभा झाला. आणि राख पडली असती तर तिची हलकी, भुसभुशीत माती झाली असती, पण तीही कायमची नव्हे. उष्ण, ओल्या हवेत अ‍ॅलोफेनचं पुढे हॅलॉयसाइट (हेही एक चिकणमातीचं खनिज) आणि मग केओलिनाइट होतं. राखेची माती हा तरुणपणाचा टप्पा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या राखेचं तारुण्य आज कसं उरणार?

भारतावर राख पडलीच नाही असं मात्र नाही. इंडोनेशियातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला. त्याची राख आंध्रातल्या ज्वालापुरमला जाड थरात सापडलीय. पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळ कुकडी नदीकाठी बोरी गावातही ज्वालामुखीची राख मिळालीय, तिच्या वयावरून अभ्यासकांत वाद आहेत. पण हे साठे नदीच्या गाळात, सखल जागी अडकून राहिलेले. डोंगरउतारावरची राख मोसमी पावसाने केव्हाच धुऊन नेली.

दोन मात्यांचं एका बाबतीत चांगलंच जुळतं, आणि ते बागायतदाराच्या खिशाशी जोडलेलं आहे. दोन्ही स्फुरद (फॉस्फरस) गिळतात. राखेच्या मातीतलं मोकळं अल्युमिनियम आणि लोह स्फुरदाला इतकं घट्ट पकडतं की शास्त्रीय व्याख्येत ८५ टक्के किंवा जास्त स्फुरद पकडणं ही एक अटच आहे. आपल्या आम्लधर्मी लाल मातीत हेच काम लोहाची नि अल्युमिनियमची ऑक्साइडं करतात, जरा कमी जोरात. म्हणून सुपरफॉस्फेट सगळ्या बागेत फेकून दिलं तर त्यातलं बरंचसं मातीच खाते, पोफळ नव्हे. ते शेणखतात मिसळून, मुळांच्या पट्ट्यात, थोडं थोडं द्यावं. आम्ल मातीत रॉक फॉस्फेटही सावकाश लागू पडतं. कुळागरात हिरवा पाला आणि शेणखत घालायची जी जुनी रीत आहे तिला रसायनशास्त्राचा पाठिंबा आहे: कुजणाऱ्या पाल्यातली आम्लं त्याच लोह-अल्युमिनियमवर जागा धरून बसतात, आणि स्फुरदाला पकडणारे हात तेवढे कमी होतात.

दोन्हीकडे बिघाडही वरच्या थरातच सुरू होतो. राखेची माती हलकी म्हणून दाबायला सोपी. लाकूडतोडीची अवजड यंत्रं ओल्या दिवसांत तिच्यावरून फिरली की मोठ्या पोकळ्या चेपतात, आणि त्या पुन्हा उघडायला कित्येक दशकं लागतात. वाहून गेली तर पुढचा स्फोट होईपर्यंत नवी येत नाही. आपल्याकडे जेसीबीने उतार सपाट करताना ती चार बोटं काळसर माती आधी जाते. मागे उरलेला जांभा उन्हावाऱ्यात कडक होतो, आणि पहिल्याच पावसात पाणी मुरण्याऐवजी पळत सुटतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे लागले, नौदलाची हेलिकॉप्टर पाणी ओतायला आणावी लागली. वणव्यात झाडांबरोबर पाचोळाही जळतो.  थेंबांचा मारा झेलणारं ते पांघरूण होतं.

चांगल्या निचऱ्याची माती म्हणजे दरडीपासून अभय, असाही अर्थ कुणी काढू नये. ६ सप्टेंबर २०१८ रोजी जपानच्या होक्काइदो बेटावर भूकंप झाला आणि अत्सुमा गावाच्या परिसरात जंगलाने झाकलेल्या टेकड्यांवरून हजारो दरडी सुटल्या. उतार जुन्या ज्वालामुखींच्या प्युमिस आणि राखेने थरावर थर पांघरलेले होते. त्यांतला एक ओला, झिजून हॅलॉयसाइट झालेला थर निसटला आणि वरचं सगळं, झाडांसकट, खाली आलं. आपल्याकडे भूकंपाची तितकी धास्ती नाही, पण जांभ्याखालचा तो चिकण थर आठवा. पाणी तिथेच अडतं. उताराचा पायथा कापून घराचा प्लॉट काढताना आपण नेमका तो थर उघडा पाडतो.

या विषयात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नीलगिरीतली आहे. तिथे २,००० मीटरच्या वर, जिथे राखेचा मागमूस नाही, अशा जांभ्यासारख्या जुन्या मातीत अँडिसोलचे गुण सापडलेत: हलकी, काळी, कर्बाने भरलेली, स्फुरद पकडणारी. थंड, ओल्या हवेत पाचोळा सावकाश कुजला, अल्युमिनियमशी बांधला गेला आणि राखेशिवाय तीच रचना उभी राहिली. आपलं सर्वांत उंच शिखर सोसोगड, हजार मीटरच्या थोडं वर. तिथे तेवढी थंडी नाही, पाचोळा भराभर कुजून संपतो, तेव्हा असा प्रकार आपल्या माथ्यावर अपेक्षित नाही.

राहता राहिल्या नर्सरीतल्या त्या पिशव्या. प्युमिस किंवा अकादामा (जपानी दाणेदार माती) कुंडीत चांगलं काम करतं. अडेनियम, ऑर्किड, बोन्साय यांना निचरा आणि ओलावा एकाच वेळी हवा असतो, आणि कुंडीत खोली नसते. कुळागरात ती माती पसरण्यात अर्थ नाही. तिथली खोली फुकट मिळालेली आहे. त्याच पैशांत शेणखत आणावं.